वक्र मॉनिटर घ्यावा का?

प्रश्न : घरून लॅपटॉपवर जीएसटीचं काम करते. एक्सेल आणि पोर्टल एकत्र मावत नाही. ३४ इंची वक्र मॉनिटर घेऊ का? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, जरूर घ्या. माझ्या कॉलेज रोडच्या ऑफिसात तोच आहे. विंडोज की दाबून डावा-उजवा बाण दाबला की डावीकडे एक्सेल, उजवीकडे पोर्टल. बिलातले आकडे शेजारीशेजारी ताडून बघता येतात. हे सुख मोठं आहे!

आधी लॅपटॉपचं पोर्ट (मॉनिटरची वायर लावायची जागा) मात्र तपासा. जुन्या एचडीएमआय १.४ पोर्टवर ३४४० बाय १४४० ठिपक्यांच्या पडद्याला बहुधा ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणं) मिळत नाहीत, माउस अडखळतो. टाइप-सीमधून डिस्प्ले मिळतो का, हे लॅपटॉप दुकानात नेऊनच पाहा. वक्र मॉनिटरवर लिहिलेलं १५००आर म्हणजे दीड मीटर त्रिज्येचा बाक. टेबल अडीच फूट खोल हवं.