दुकानात दणदणीत, गाडीत फुसका

प्रश्न : दुकानात डेमो बोर्डवर स्पीकर भारी वाजत होते म्हणून घेतले, गाडीत बसवल्यावर बेसच गायब. स्पीकर खराब की फिटिंगचा घोळ, घरच्या घरी कसं ओळखू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : स्पीकरला शिव्या नंतर द्या. बेस गायब म्हटलं की माझा पहिला संशय वायरिंगवर, एका दाराच्या स्पीकरची प्लस-मायनस उलटी लागली की एकाचा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. स्टिरिओचा बॅलन्स (डाव्या-उजव्या स्पीकरचा आवाज कमी-जास्त करणारं सेटिंग) पूर्ण डावीकडे, मग उजवीकडे नेऊन ऐका, एकेकटे ठीक वाजतायत पण दोन्ही मिळून पोकळ वाटतंय तर घोळ हाच, एका बाजूच्या वायरी उलटवून घ्या.

मग बाकीचं. इक्वलायझर, बेस बूस्ट सगळं शून्यावर ठेवा आणि गाणं पाठ असलेलंच लावा, दुकानातले डेमो ट्रॅक भाव मारायलाच असतात. गायकाचा आवाज डॅशबोर्डच्या मधून यायला हवा (ड्रायव्हर सीटवर तो आपल्या दाराकडे थोडा ओढला जाणारच, स्टिरिओत टाइम अलाइनमेंट, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित उशिरा सोडायची सोय, असेल तर सुधारतो). ४० ते १०० हर्ट्झचा स्वीप टोन (खालच्या सुरापासून हळूहळू चढत जाणारा एकच सूर) लावला की दाराचं कुठलं प्लास्टिक खडखडतंय ते लगेच कळतं, तिथे डॅम्पिंग शीट (कंप शोषणारी चिकट शीट) लावा. इंजिन चालू करून रेस दिल्यावर शिट्टीसारखा आवाज चढत गेला तर तो अल्टरनेटरचा (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर), अर्थिंग तपासून घ्या.

आणि दोन स्पीकरची तुलना करताना आवाज सारखाच ठेवा, कारण जरा मोठा वाजणारा कानाला नेहमी चांगलाच वाटतो, दुकानदाराला हे बरोबर माहीत असतं.