नकार देण्याची ऐपत कोणाकडे आहे?

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

पेप्सिकोवरचा तुझा अहवाल आणि सोबतचे वैतागलेले पत्र, दोन्ही वाचले. पाच स्पर्धात्मक शक्तींच्या (प्रतिस्पर्धी, ग्राहक, पुरवठादार, पर्याय आणि नवागत यांच्या) तक्त्यात तू तीन ठिकाणी ‘तीव्र’ असे लिहिलेस. मग इतकी तीव्र स्पर्धा असूनही ही कंपनी वर्षानुवर्षे भरघोस नफा कसा कमावते, हे कोडे सुटेना. आणि मार्गदर्शकांनी ‘तीव्र’च्या जागी ‘मध्यम’ लिहून विसंगती मिटवण्याचा सल्ला दिला. अशाने विसंगती फक्त झाकली जाते. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये ही चौकट मांडली, ती एखाद्या उद्योगातला नफा शेवटी कोणाच्या पदरात पडतो हे शोधण्यासाठी. विशेषणे बाजूला ठेव आणि प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचार: नकार देऊन तगून राहण्याची ऐपत या व्यवहारात कोणाकडे आहे?

कोका-कोलाशी असलेल्या चुरशीला तू अहवालाचा निम्मा भाग दिला आहेस. १९७५ चे ‘पेप्सी चॅलेंज’, म्हणजे नाव झाकून दोन्ही कोलांची चव ताडायला लावणारी मोहीम आहे, १९८५ मध्ये कोका-कोलाने बदललेली आणि तीन महिन्यांच्या आत परत आणावी लागलेली चवही आहे. वाचायला मजा येते, पण या गोंगाटातून नफ्याविषयी फारसे हाती लागत नाही. दोन्ही कंपन्या मूळ अर्क विकून कमवत राहिल्या, आणि भाव पाडण्याची झळ बव्हंशी बॉटलरांना, म्हणजे त्या अर्कापासून पेय बनवून बाटल्यांत भरणाऱ्या आणि दुकानांत पोहोचवणाऱ्या कंपन्यांना बसली, कारण कारखाने, ट्रक आणि बाटल्या यांत पैसा त्यांचा गुंतलेला होता आणि करारानुसार ते एकाच कंपनीच्या कोलाला बांधलेले होते. त्यांना नकार परवडत नव्हता. पेप्सिकोने १९९९ मध्ये आपला बॉटलिंगचा मोठा व्यवसाय वेगळा काढला आणि २०१० मध्ये तो परत घेतला, या उलटसुलट प्रवासाला तुझ्या अहवालात एक ओळ मिळाली आहे. तिथे निदान दोन पाने हवी होती.

खरी मेख ‘ग्राहक’ या रकान्यात आहे आणि तिथेच तू घाई केलीस. पेप्सिकोचा ग्राहक म्हणजे पेय पिणारा माणूस, असे गृहीत धरून तू ‘ग्राहक असंख्य, म्हणून त्यांची ताकद कमी’ असे लिहून मोकळी झालीस. कंपनीकडून माल विकत घेतात त्या दुकानांच्या साखळ्या. कंपनीच्याच वार्षिक अहवालानुसार २०२४ मध्ये तिच्या महसुलातला सुमारे १४ टक्के वाटा एकट्या वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीकडून आला; वॉलमार्टच्या प्रचंड उलाढालीत मात्र पेप्सिकोच्या मालाचा हिस्सा त्या मानाने किरकोळ आहे. आता सांग, या दोघांत नकार कोणाला जास्त परवडेल?

एका पेय कंपनीच्या विक्री विभागात असताना अशा वार्षिक वाटाघाटींना मी बसलो आहे. समोरच्या खरेदी अधिकाऱ्याने आवाज चढवला नाही की भावावर चकार शब्द काढला नाही. त्याने फळ्यांच्या मांडणीचा नकाशा टेबलावर पसरला, डोळ्यांच्या पातळीवरच्या फळीवर असलेल्या आमच्या मालाभोवती पेन्सिलीने चौकोन काढला आणि तिथून एक बाण थेट सर्वांत खालच्या फळीकडे ओढला. मोकळ्या झालेल्या जागेत त्याने आपल्याच दुकानाच्या छापाचे नाव लिहिले. आमच्याकडची आकडेमोड नंतर कोणी उघडलीच नाही.

म्हणून युरोपातला कारफूर या फ्रेंच दुकानसाखळीचा वाद पुन्हा नीट वाच. जानेवारी २०२४ मध्ये या साखळीने फ्रान्ससह चार देशांत पेप्सिकोचा माल विकणे थांबवले आणि अवाजवी भाववाढीमुळे हा माल ठेवत नसल्याच्या पाट्या फळ्यांवर लावल्या. कंपनीचे म्हणणे वेगळे होते: करार झाला नाही म्हणून पुरवठा आम्हीच थांबवला. नकार आपण दिला, असे जगाला सांगण्याची दोन्ही बाजूंना घाई होती, हे तुझ्या नजरेतून कसे सुटले? एप्रिलमध्ये समझोता झाला, म्हणजे अबोला कोणालाच फार काळ झेपला नाही. या एका प्रकरणात तुझा अख्खा तक्ता आहे.

पिणाऱ्याखाणाऱ्याचा नकार आणखी स्वस्त असतो, कारण त्याला कोणाशीच करार मोडायचा नसतो. २०२३ च्या तिसऱ्या तिमाहीपर्यंत पेप्सिकोने सलग सात तिमाह्या दोन अंकी टक्क्यांनी भाव वाढवले. महसूल वाढला आणि खप घसरत गेला. ‘पर्याय’ या रकान्यात तू फक्त पाणी आणि फळांचे रस लिहिले आहेस. काहीच न घेता पुढे जाणे हाही पर्यायच आहे, तोही लिही.

सरकारचा रकाना मूळ चौकटीत नाही म्हणून तू कर वगळलास. माझा प्रश्न लावून पाहिलास तर त्यालाही जागा सापडेल. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम किंवा अधिक साखर असलेल्या पेयांवर आकारणी सुरू झाली. बहुतेकांनी साखर घटवली. कोका-कोलाने आपल्या मूळ पेयाची कृती तशीच ठेवली आणि कर सोसला. पेप्सीनेही पाच वर्षे दम धरला आणि २०२३ मध्ये तिथल्या साध्या पेप्सीतली साखर ४.५५ ग्रॅमवर आणली, म्हणजे मर्यादेच्या किंचित खाली. कर एक, उद्योग एक. नकार टिकवण्याची ऐपत मात्र दोघांची सारखी नव्हती.

पुरवठादारांवर फार वेळ घालवू नकोस. साखर, बटाटा, मका, ॲल्युमिनियम यांचे भाव चढउतार करतात, पण एकटा शेतकरी या कंपनीला नकार देऊन किती दिवस तग धरणार? नवागतांबद्दल इतकेच लक्षात ठेव की पेय बनवणे सोपे आणि ते फळीवर पोहोचवणे अवघड असते; तरीही एखादा पोहोचला, तर त्याला विकत घ्यावे लागते. २०२५ मध्ये ‘पॉपी’ या तरुण सोडा कंपनीसाठी पेप्सिकोने १.९५ अब्ज डॉलर मोजायचे ठरवले.

मी एकाच प्रश्नाचा हेका धरतो, असे तुझ्या मार्गदर्शकांना वाटेल. माझ्या वरिष्ठांनाही वाटत असे. पाच रंगांचे तक्ते करून देणारे सहकारी पुढे गेले आणि मी तिथेच राहिलो, याची खंत आहे, नाही असे नाही. पण त्या तक्त्यांवर सही करायला मी नकार दिला तो बरोबरच होता, असे आजही म्हणतो, आणि हे लिहिताना माझा सूर चढला असेल तर तो तुझ्यावर नाही. तुझी शंका खरी होती. ती वरिष्ठांच्या सोयीसाठी मिटवली नाहीस, म्हणून तर इतके लांबलचक लिहिले.

पुढच्या मसुद्यात पेये आणि फ्रिटो-ले या पेप्सिकोच्याच शाखेचे वेफर्ससारखे खारे पदार्थ वेगवेगळे तपास. १९६५ च्या विलीनीकरणाने ते एका छताखाली आले, पण वेफर्सच्या बाजारात कंपनीला कोका-कोलासारखा तुल्यबळ प्रतिस्पर्धी नाही, आणि अमेरिकेत तिची माणसे स्वतः दुकानात जाऊन फळ्या भरतात, त्यामुळे तिथे दुकानदाराला नकार महाग पडतो. दोन व्यवसाय, म्हणून दोन तक्ते. ‘मध्यम’ हा शब्द दोन्हींत कुठेही दिसता कामा नये.

तुझा,
एक जुना विक्रेता