कार्यक्रम जमला की नाही, हे कसं ओळखायचं

संस्थेने सभासदांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमाला सभागृह भरलं म्हणजे तो यशस्वी, असं धरून चालू नकोस. आधी बघ, आलं कोण? नेहमीचीच मंडळी, की नवे सभासदही? हजेरीची यादी सभासदत्वाच्या नूतनीकरणाच्या यादीशेजारी ठेव. आलेल्यांपैकी कुणी पुन्हा वर्गणी भरली ते नावानिशी कळेल. अर्थात मुळातले उत्साहीच येतात आणि तेच वर्गणीही भरतात, तेव्हा सगळं श्रेय कार्यक्रमाला देऊ नकोस.

निघता निघता भरून घेतलेल्या अभिप्रायात बहुतेक जण 'छान' लिहून मोकळे होतात. प्रशिक्षणाचा उपयोग किती झाला हे मोजण्यासाठी अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार टप्प्यांत प्रतिक्रिया हा फक्त पहिला. पुढे शिकणं, वागण्यातला बदल आणि परिणाम. म्हणून तीन महिन्यांनी फोन करून विचार, "तिथलं काय वापरलंत?" न आलेल्यांनाही जरूर विचार, वेळ अडचणीची होती की विषयच कामाचा नव्हता.