श्वास मोजण्याचे एक पूर्ण मिनिट

प्रिय विद्यार्थिनी,

नर्सिंगच्या पहिल्या पोस्टिंगमध्ये दिवसभर चार्ट भरले, औषधे दिली, पण विचार करायला सवडच मिळाली नाही, असे तू लिहिलेस. वॉर्डात तशी वेगळी सवड कधीच मिळत नसते. विचार हातातल्या कामातच करावा लागतो. सुरुवात श्वासापासून कर. ओळीने प्रत्येक रुग्णापुढे १८ किंवा २० लिहिलेले दिसले, तर बहुधा कोणी मोजलेलेच नसते. प्रौढ माणूस विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणून तो आकडा खपून जातो. प्रकृती बिघडू लागली की मात्र अनेकदा हाच वेग आधी वाढतो. नाडीवरची बोटे तशीच ठेवून, रुग्णाला न सांगता पूर्ण मिनिट मोज.

सुटा आकडाही वाचू नकोस. समज, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाची नाडी ७८ वरून ९६ आणि आता ११२ झाली आहे. रक्तदाब ११८/८४, म्हणजे कागदावर ठीक. हे दुखण्यामुळे आहे, तापामुळे, भीतीमुळे, की आत रक्तस्राव होतो आहे? शरीर रक्तवाहिन्या आकसून आणि नाडी वाढवून दाब सावरून धरते, त्यामुळे साधारण ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा दाब फारसा उतरत नाही. म्हणून ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी), ड्रेसिंग, लघवीचे प्रमाण आणि हातापायांचा थंडपणा तपास, आणि दाब उतरण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळव. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडीचा वेग कमी ठेवणारे औषध, घेणाऱ्या रुग्णाची नाडी अशा वेळी तितकी वाढणारही नाही. तेव्हा औषधांचा तक्ता न पाहता नाडीचा अर्थ लावू नये.

विद्यार्थिदशेत मी एकदा ‘रुग्ण अस्वस्थ’ एवढेच लिहून पुढच्या खाटेकडे गेले होते. दोन तासांत त्याला अतिदक्षता विभागात हलवावे लागले. ‘अस्वस्थ म्हणजे नेमके काय दिसले तुला?’ या सिस्टरांच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. (तो शब्द मी अजूनही एकटा लिहीत नाही.)

हॅन्डओव्हर, म्हणजे पाळी बदलताना आधीच्या सिस्टरांनी दिलेली रुग्णांची माहिती, ऐकल्यावर, रुग्णाजवळ जाण्याआधी, काय आढळेल याचा अंदाज छोट्या वहीत लिही आणि मग प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहा. अनुभवी सिस्टर एका नजरेत धोका ओळखतात. त्यांच्या वेगाची नक्कल करण्यापेक्षा त्यांनी काय पाहिले ते विचार. पुढच्या पत्रात बरोबर आलेले अंदाज नकोत, चुकलेले पाठव.

तुझी शिक्षिका