दुसऱ्याच्या बाळासाठी गोधडी शिवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाळाच्या गोधडीची पहिली ऑर्डर आली आहे. आतापर्यंत घरच्यांसाठीच शिवत होते, त्यामुळे सगळं अंदाजानं चालायचं. चौकोनी तुकड्यांची गोधडी हवी आहे. माप किती ठेवू आणि कापड किती आणू?

उत्तर : आधी गोधडी कशासाठी हवी ते विचारा. जमिनीवर अंथरून बाळाला खेळवायला असेल तर 36 × 42 इंच हे माप सोयीचं पडतं आणि मूल चालायला लागल्यावरही कामाला येतं. मात्र पांघरूण म्हणून हवी असेल तर एक गोष्ट स्पष्ट सांगा. वर्षाच्या आतलं बाळ झोपतं तिथे गोधडी, उशी, सैल पांघरूण असं काहीही ठेवू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. हे सांगणं ऑर्डर घेणाऱ्याचं कामच आहे.

आता हिशोब. तयार चौकोन 6 इंचाचा हवा, तर कापायचा साडेसहा इंचाचा, कारण प्रत्येक बाजूला पाव इंच माया, म्हणजे शिवणीत दबणारं कापड, जाते. आडवे 6, उभे 7, एकूण 42 चौकोन. 44 इंच पन्ह्याचं (रुंदीचं) सुती कापड धुतल्यावर साधारण 42 इंच उरतं आणि साडेसहा इंचाच्या एका पट्टीत 6 चौकोन बसतात. म्हणून 6 प्रकारची कापडं घेऊ नका, 7 घ्या. सहा घेतलीत तर प्रत्येकातून 7 चौकोन काढावे लागतील आणि त्या एका जादा चौकोनासाठी दुसरी पट्टी कापावी लागेल. सात घेतलीत तर प्रत्येकी पाव मीटर पुरतं. सातही कापडं ठरलेल्या क्रमानं ओळीमागून ओळ लावत गेलात की तोच रंग शेजारी येत नाही आणि आपोआप तिरकी नक्षी तयार होते.

मागचं कापड आणि आतला थर चारही बाजूंनी 3 इंच मोठा हवा, म्हणजे 42 × 48 इंच. त्यासाठी दीड मीटर कापड आणा. गोटासाठी, म्हणजे काठ झाकणाऱ्या पट्टीसाठी, अडीच इंचाच्या 5 पट्ट्या लागतात, त्यांना 40 सेंटिमीटर पुरे. चार पट्ट्यांत भागेल असं वाटतं, पण तिरक्या जोडांत आणि चार कोपऱ्यांत इतकं कापड जातं की शेवटी चार बोटं कमी पडतात.

प्रश्न : कापडं आधी धुवायलाच हवीत का? नव्या कापडाची खळ गेली की कापताना ते सरकतं.

उत्तर : धुवायलाच हवीत. सुती कापड आटतं आणि प्रत्येक कापड सारखंच आटेल असं नाही. न धुता शिवलेली गोधडी पहिल्या धुण्यातच कुठे ओढली जाते, कुठे फुगते. सरकण्यावर उपाय सोपा आहे : धुतल्यावर स्टार्च मारून इस्त्री करा, मग कापा. तो स्टार्च शेवटच्या धुण्यात निघून जातो.

रंगाची परीक्षा मात्र वेगळी घ्या, विशेषतः गडद लाल, निळा आणि काळा यांची. कापडाचा तुकडा ओला करून पांढऱ्या सुती चिंधीवर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. चिंधीवर डाग उमटला तर ते कापड साबणाच्या गरम पाण्यातून पुन्हा काढा आणि परत तपासा. तरीही रंग जात असेल तर या गोधडीत ते वापरू नका. मीठ किंवा व्हिनेगर घातल्यानं बाजारच्या रंगीत सुती कापडाचा रंग पक्का होईल अशी खात्री धरता येत नाही.

प्रश्न : मोठ्या भावंडाचे टी-शर्ट आणि आजीची जुनी साडी गोधडीत वापरा, असं त्यांनी सांगितलं आहे. कात्री चालवायला हात धजत नाही.

उत्तर : ही भीती रास्त आहे. हे कापड पुन्हा कुठेच मिळणार नाही. प्रत्येक कपड्यावर साडेसहा इंचाचा कागदी चौकोन ठेवून फोटो काढा, तो पाठवा आणि होकार आल्यावरच कापा. उरलेला प्रत्येक तुकडा गोधडीसोबत परत द्या.

टी-शर्टचं कापड ताणलं जातं, त्यामुळे त्याचा चौकोन कधी चौकोन राहत नाही. आधी दोन इंच मोठा तुकडा कापा, उलट्या बाजूनं पातळ फ्युजिंग (इस्त्रीच्या उष्णतेनं चिकटणारं अस्तर) इस्त्रीनं चिकटवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच नेमक्या मापात कापा. आधी मापात कापून मग चिकटवलं तर इस्त्रीखाली कडा वाकड्या होतात. छापील चित्रावर इस्त्री थेट फिरवू नका.

साडी उजेडासमोर धरा. वीण विरळ दिसली किंवा दोन अंगठ्यांनी ताणल्यावर धागे सरकले, तर तो भाग सोडून द्या. थोडी झिजलेली असेल तर मागून मलमल जोडून घ्या. जरीचे काठ वापरू नका. जरीची तार तुटली की तिची टोकं बाळाच्या अंगाला बोचतात. रेशीमही नको, कारण बाळाची गोधडी सतत धुतली जाते आणि रेशमाला ते सोसत नाही.

प्रश्न : गोधडी वरून छान दिसते, पण मागे चुण्या पडल्या आहेत आणि कडा लाटांसारख्या झाल्या आहेत. कुठे चुकलं?

उत्तर : या दोन वेगळ्या चुका आहेत.

मागच्या चुण्या थर जोडतानाच पडतात. मागचं कापड उलटी बाजू वर करून फरशीवर पसरा आणि चिकटपट्टीनं चारही बाजूंनी ताठ बसवा. ताठ म्हणजे ताणून नव्हे. ताणलेलं कापड पट्टी काढताच आखडतं आणि त्याच चुण्या परत येतात. त्यावर आतला थर, त्यावर तुकड्यांचं कापड. मधून बाहेरच्या दिशेनं तळहाताने सपाट करत दर 4 इंचांवर सेफ्टी पिना लावा किंवा कच्चे टाके घाला. पिना मोजून लावा आणि मोजूनच काढा. शिवणही मधूनच सुरू करा. मशीनवर शिवत असाल तर 14 नंबरची सुई, 3 मिलिमीटरचा टाका आणि वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही खालच्यासोबत सरकवणारा मशीनचा पाय, वापरा. साधा पाय वरचं कापड पुढे ढकलतो आणि खालचं दात ओढतात, म्हणून थर एकमेकांवर घसरतात.

कडांच्या लाटा बहुधा मध्ये दाट शिवण आणि कडेला विरळ, यामुळे होतात. दाट शिवलेला भाग आत ओढला जातो आणि कडेचं कापड जास्त उरतं. शिवण अगदी काठापर्यंत सारख्याच अंतरानं न्या. गोट लावताना काठ ताणू नका. तयार गोधडीतल्या लाटा कमी करायच्या असतील तर गोट उसवा, कडेला शिवणीच्या आणखी ओळी घाला आणि मग गोट पुन्हा लावा. मागच्या चुणीपुरती शिवण मात्र उसवावीच लागते.

प्रश्न : आत पिंजलेला कापूस भरला तर चालेल का?

उत्तर : नको. धुतल्यावर तो टाक्यांच्या मधल्या जागेत गोळा होतो. सुती वॅडिंगची (आत घालायच्या तयार थराची) पातळ शीट घ्या किंवा मऊ जुन्या सुती कापडाचे दोन थर घाला. शीटवर शिवणीचं जास्तीत जास्त अंतर छापलेलं असतं, ते पाळा. थरांवर हातानं धावदोरा घालणार असाल तर ओळी इंचभर अंतरावर ठेवा.

प्रश्न : बटणांचे डोळे असलेला ससा आणि छोटे घुंगरू हवेत, असा आग्रह आहे.

उत्तर : नाही म्हणा. बटण, मणी, टिकली, आरसा, घुंगरू यातलं काहीही निघालं की थेट तोंडात जातं. सशाचे डोळे भरतकामानं करा. नाव भरायचं असेल तर शुद्धलेखन त्यांच्याकडून लेखी घ्या.

प्रश्न : पैसे आणि तारीख कशी ठरवावी?

उत्तर : एक ओळ पूर्ण जोडून आणि त्यावर धावदोरा घालून किती वेळ लागतो ते मोजा. त्याला ओळींच्या संख्येनं गुणा, मग कापणं, थर जोडणं आणि गोट यांचे तास वेगळे धरा. गोटाची हातशिलाई हिशोबात हमखास विसरली जाते. निदान सामानाचा खर्च निघेल इतकी आगाऊ रक्कम घ्या. माप, कापडांचे फोटो, नाव आणि तारीख एका संदेशात लिहून पाठवा. कापड कापल्यावर बदल झाला तर त्याचे पैसे वेगळे, हेही त्यातच लिहा.

देण्याआधी गोधडी बिनवासाच्या साबणानं धुवा. पाण्यानं निघणाऱ्या निळ्या पेननं आखलं असेल तर ते थंड पाण्यानं पूर्ण निघाल्याशिवाय इस्त्री लावू नका, उष्णतेनं तो डाग पक्का बसतो. वाळल्यावर दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवा. राहिलेली टाचणी किंवा सुईचं तुटलेलं टोक असेल तर त्याला लागून बाहेर येतं.