साठीनंतर नवं शिकणं, जुनं जपणं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही उतारवयातल्या मनाबद्दल प्रश्न मागवले होते, आणि पत्रं नि व्हॉट्सअ‍ॅप मिळून एवढे प्रश्न आले की सगळे एका अंकात मावणं शक्य नाही. त्यातले पाच आज घेतेय. कोणाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

प्रश्न: मी महसूल खात्यातून मंडल अधिकारी म्हणून रिटायर झालो, वय 67, नाशिक. घरात पणजोबांच्या काळातली मोडीतली कागदपत्रं पडून आहेत, ती स्वतः वाचावीत म्हणून मोडीचा क्लास लावला. वर्गात बहुतेक कॉलेजची मुलं, ती भराभर बाराखडी पाठ करतात आणि माझं आज पाठ केलेलं उद्या गायब. मुलगा म्हणतो बाबा या वयात कशाला डोक्याला ताप. सोडून द्यावं का?

अजिबात सोडू नका काका. तुम्हाला जे जाणवतंय ते खरं आहे, पण ते अर्धंच आहे. रेमंड कॅटेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1963 मध्ये बुद्धीचे दोन भाग वेगळे काढून दाखवले. एक चपळाईचा, म्हणजे अनोळखी गोष्ट पटकन पकडणं, डोक्यात चार गोष्टी एकदम धरून ठेवणं वगैरे, आणि हा भाग तिशीच्या आसपासपासूनच हळूहळू उतरायला लागतो. दुसरा साठलेल्या ज्ञानाचा, शब्दसंपत्ती, अनुभव, कुठली गोष्ट कुठे बसते याची समज, आणि तो साठी-सत्तरीपर्यंत टिकतो, बऱ्याच जणांचा वाढतोसुद्धा. बाराखडी पाठ करणं हे पहिल्या भागाचं काम, तिथे मुलं पुढे जाणारच. पण मोडी वाचणं म्हणजे नुसती अक्षरं ओळखणं नाही हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत, एकेकाचं वळण असं की संदर्भ माहीत नसेल तर ओळच सुटत नाही. आता सांगा, वतन, इनाम, कूळ, चतुःसीमा, गाव नमुने हे शब्द त्या वर्गात कोणाच्या तोंडात बसलेत? तुमच्याच ना. बाराखडीचा घाट चढून गेलात की जमिनीचा कागद समोर आल्यावर तुम्ही त्या मुलांना मदत कराल, हे मी बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये.

पाठांतराची पद्धत मात्र बदला. आपल्या पिढीला पुस्तक समोर ठेवून परत परत वाचायची सवय आहे आणि त्यातून फार कमी टिकतं. पुस्तक मिटायचं आणि आठवून कागदावर लिहायचं, चुकलं तर बघायचं, परत मिटायचं. एका दिवसात तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं, आणि जे आज आलं ते एक दिवस सोडून परत, मग चार दिवसांनी परत. शक्यतो सकाळी बसा, वय वाढलं की बहुतेकांचं लक्ष सकाळी जास्त चांगलं लागतं.

आणि 'या वयात कशाला' याबद्दल. येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या ओहायोमधल्या 660 माणसांची माहिती तपासली. ज्यांचं स्वतःच्या म्हातारपणाबद्दलचं मत चांगलं होतं ते बाकीच्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले, आणि सुरुवातीची तब्येत, पैसा, एकटेपणा हे सगळं हिशोबात धरूनही फरक उरलाच. यावरून नुसत्या विचाराने आयुष्य वाढतं असं म्हणता येणार नाही. पण घरातली माणसं सहज बोलून जातात ती वाक्यं आपण आत घेतो आणि हळूहळू तसंच वागायला लागतो, हे मी इतक्या घरांत बघितलंय की मुलाला हे पान वाचायला द्या असंच म्हणेन. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठी ते नव्वदीच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून पाटी-पुस्तक घेऊन बसायला लागल्या आणि ज्यांनी जन्मभर अंगठा लावला त्या सही करायला शिकल्या. तुम्हाला तर सह्यांचीच नोकरी होती.

प्रश्न: मी रोज पेपरमधलं सुडोकू आणि शब्दकोडं सोडवते. मेंदूसाठी एवढं पुरे का? (वय 70, डोंबिवली)

आवडत असेल तर जरूर सोडवा, पण पुरे नाही. सुडोकूने मुख्यतः सुडोकू सुधारतं. डॅलसमध्ये डेनिस पार्क आणि त्यांच्या टीमने 60 ते 90 वयाच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला साधारण पंधरा तास, काही ना काही करायला लावलं. काहींना डिजिटल फोटोग्राफी शिकवली, काहींना गोधडीसारखं शिवणकाम, काही नुसते एकत्र जमून गप्पा-सहली करत होते, आणि काही घरी बसून शब्दकोडी, संगीत ऐकणं असं सोपं काहीतरी. 2014 मध्ये निकाल छापून आला, स्मरणशक्ती सुधारली ती नवं आणि अवघड काहीतरी शिकणाऱ्यांची, त्यातही फोटोग्राफीवाल्यांची जास्त. तेव्हा जे करताना पहिले दोन महिने तुम्हाला 'हे आपल्याला जमणार नाही बुवा' असं वाटेल असं काहीतरी एक निवडा.

प्रश्न: वय 72, कोल्हापूर. चाळीस वर्षं भजनी मंडळात गातेय, मंडळात मीच मुख्य. गेल्या दोन वर्षांत श्वास पुरत नाही, वरचा सा लावला की आवाज थरथरतो. परवा एकादशीला मध्येच आवाज फाटला, कोणी काही बोललं नाही पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून गेले नाहीये. लोकांनी कीव करण्याआधी थांबलेलं बरं, असं वाटतं ते चूक आहे का?

मावशी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी शरीराचं सांगते कारण तुम्ही बहुतेक याला स्वतःचा दोष समजताय. वयाप्रमाणे स्वरयंत्राच्या पट्ट्या पातळ होतात, गाताना त्या पूर्ण मिटत नाहीत, मधून हवा निसटते, फुप्फुसंही पूर्वीएवढी हवा धरत नाहीत, आणि पाळी गेल्यावर बायकांचा आवाज थोडा खाली येतोच. म्हणजे तुम्ही आजही चाळिशीतल्या पट्टीत गाताय आणि गळा मात्र बहात्तरचा आहे. एकदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असेल तर नक्कीच, आणि अ‍ॅसिडिटी असेल तर तेही सांगा. आवाजासाठी स्पीच थेरपिस्ट व्यायाम देतात, त्यातला एक अगदी साधा, पाण्यात स्ट्रॉ बुडवून त्यातून हळू गुणगुणायचं, त्याने पट्ट्यांवर जोर न येता सराव होतो.

आता मनाचं. पॉल बाल्टेस आणि मार्गरेट बाल्टेस हे जर्मन नवरा-बायको, दोघंही मानसशास्त्रज्ञ, यांनी 1990 मध्ये एक गोष्ट मांडली जी मला या विषयातली सगळ्यात उपयोगाची वाटते. चांगलं म्हातारं होणारी माणसं तीन गोष्टी करतात: कमी निवडतात, निवडलेलं जास्त घोटतात, आणि जे गेलंय त्याची भरपाई दुसऱ्या वाटेने करतात. पॉल बाल्टेस उदाहरण द्यायचे ते आर्थर रुबिनस्टाइनचं. हा मूळचा पोलंडचा पियानोवादक वयाच्या 89व्या वर्षापर्यंत मैफिली करत होता. म्हातारपणी एवढं चांगलं कसं वाजवता असं विचारल्यावर त्यांनी सांगितलेलं गुपित तेच, आता कमी रचना वाजवतो, त्यांचा रियाज जास्त करतो, आणि वेगाचा भाग यायच्या आधीचा भाग मुद्दाम थोडा संथ घेतो म्हणजे पुढचा वेग ऐकणाऱ्याला जास्त वाटतो. यात कुठेही कीव करण्यासारखं काही नाही, हे कसब आहे आणि ते तरुणपणी नसतं.

हे तुमच्या भजनाला लावू. पट्टी खाली आणा. काळी चारमध्ये गात असाल तर काळी दोन करून बघा, पेटीवाल्याला आधी सांगून ठेवा, बाकीच्या बायकांनाही बहुतेक बरंच वाटेल कारण त्यातल्या निम्म्या तुमच्याच वयाच्या असणार आणि तुमच्यामुळे वर ओढल्या जात असणार. सगळ्या कार्यक्रमात मुख्य न राहता तीन-चार अभंग स्वतःचे म्हणून ठेवा, ज्यात शब्दांचं वजन आहे आणि वरच्या सप्तकात लांब थांबायला लागत नाही, आणि तेच रोज घोटा. जिथे श्वास संपतो तिथे ओळ टाळकऱ्यांनी उचलायची असं ठरवून टाका, भजनात ती सोय आधीपासूनच आहे, त्यात लपवण्यासारखं काय. आणि एक काम फक्त तुम्हीच करू शकता, चाळीस वर्षांत ज्या जुन्या चाली तुम्ही उचलल्यात, ज्या कुठे रेकॉर्ड झालेल्या नाहीत, त्या मंडळातल्या दोन तरुण बायकांना समोर बसवून द्या आणि मोबाईलवर रेकॉर्डही करा. फाटलेल्या आवाजातसुद्धा चाल नीट कळते.

पंडित भीमसेन जोशी 2007 साली, 85 वर्षांचे असताना, आजारपणातून उठून सवाई गंधर्व महोत्सवात गायले होते. तिथे त्यांची कीव करायला कोणी बसलं नव्हतं.

गाणं बंद करू नका हे म्हणायला अजून एक कारण आहे. जीन कोहेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी वॉशिंग्टनमध्ये वयस्कर लोकांचं समूहगायन सुरू करून त्यांची तुलना तशाच वयाच्या न गाणाऱ्यांशी केली, सरासरी वय ऐंशीच्या आसपास. वर्षभराने गाणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी होत्या, पडण्याचं प्रमाण कमी, औषधं कमी, एकटेपणाही कमी. नुसतं जमण्याने हे होत नसावं असं मला वाटतं. कार्यक्रमाची तारीख ठरलेली असते, आपण आलो नाही तर कोणाचा तरी सूर रिकामा राहणार असतो, ते ओझं माणसाला उभं ठेवतं. पुढच्या एकादशीला जा.

प्रश्न: मी बेंगळुरूला असते, आई (वय 69) इचलकरंजीला एकटी. बाबांना जाऊन आठ महिने झाले. आई दिवसभर सीरियल बघते, फोन केला तर हो-नाही एवढंच. तिला मंडला आर्टचं किट पाठवलं, ऑनलाईन क्लासचे पैसे भरले, काही उघडलंसुद्धा नाही. पूर्वी नात्यातल्या प्रत्येक लग्नाचं रुखवत हीच करायची. तिला परत कसं उभं करू?

ताई, आधी किट आणि क्लास बाजूला ठेवा. आठ महिने म्हणजे काहीच नाहीत, पण दुःख आणि डिप्रेशन यातला फरक बघायला हवा. या वयात डिप्रेशन रडण्यातून कमी आणि अंगदुखी, भूक मरणं, झोप मोडणं, कशातच मन न लागणं यातून जास्त दिसतं. एक-दोन आठवडे सुट्टी काढून जा, जेवण-झोप स्वतः बघा, फॅमिली डॉक्टरकडे नेऊन थायरॉईड, बी-12 तपासून घ्या. जगून काय करायचं असं काही बोलत असेल तर वाट बघू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा नंबर 14416 आहे, मराठीत बोलता येतं, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567.

कान नक्की तपासा. फोनवर हो-नाही म्हणणारी बरीच म्हातारी माणसं खरंतर ऐकू येत नसतं म्हणून तसं बोलतात. डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, जी टाळता येण्यासारखी कारणं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने मांडलीत त्यात कमी ऐकू येणं आहे, 2024 मध्ये त्यात कमी दिसणंही आलं.

तिचा गोतावळा कमी झाला म्हणून लगेच घाबरू नका. स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांचं बरंच काम यावर आहे, उरलेला काळ मर्यादित आहे हे जाणवलं की माणसं ओळखी वाढवणं सोडून जवळची मोजकी माणसं धरून ठेवतात आणि त्यात समाधानीही असतात. म्हणून अनोळखी लोकांचा ऑनलाईन क्लास तिला नकोसा होणं मला अगदी स्वाभाविक वाटतं.

उत्तर तुमच्याच पत्रात आहे, रुखवत. तिला छंद देऊ नका, काम द्या, ज्याची कोणीतरी खरोखर वाट बघतंय असं. नात्यात, ओळखीत लग्न ठरलेलं असेलच, त्या मुलीलाच फोन करायला सांगा की मावशी मला तुमच्या हातचं तुळशी वृंदावन नाहीतर साखरेचे रुखवतातले प्रकार हवेत. 'तुझं मन रमेल' असं कोणीही म्हणू नका, त्या वाक्यात कीव असते आणि ती तिला कळते. पहिल्या वेळी नाही म्हणेल. तेव्हा 'मग निदान कसं करायचं ते सांग' म्हणून समोर बसायचं, चुकीचं करायला लागलं की ती हातातून काढून घेईल याची मला बऱ्यापैकी खात्री आहे. मात्र वर म्हटलेली डिप्रेशनची लक्षणं असतील तर आधी उपचार, मग रुखवत.

प्रश्न: झेडपीच्या शाळेत 36 वर्षं शिकवलं, वय 79, सिंधुदुर्ग. आठवणी लिहाव्याशा वाटतात. पण बसलो की जुन्या हेडमास्तरांनी केलेला अन्यायच आठवतो आणि पान तिथेच अडतं. शिवाय वाचणार कोण?

गुरुजी, रॉबर्ट बटलर नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने 1963 मध्ये लिहिलं की म्हातारपणी मागे वळून आयुष्य तपासणं ही मनाची नैसर्गिक गरज आहे. त्याआधी डॉक्टरसुद्धा त्याला बरळणं समजायचे. पण तपासणं आणि तेच ते उगाळणं यात फरक आहे, आणि तुम्ही सध्या उगाळण्यात अडकलाय. तो अन्याय एकदा वेगळ्या वहीत मनात येईल तसा पूर्ण लिहून काढा, कोणाला दाखवायचा नाही, आणि ती वही कपाटात ठेवा.

मग क्रमाने लिहायचा हट्ट सोडा. माणसाला साधारण दहा ते तिशीपर्यंतच्या आठवणी सगळ्यात ठळक असतात, तिथून सुरू करा, म्हणजे पहिली नेमणूक. शाळा कुठल्या वाडीत, पावसात व्हाळ कसा ओलांडायचात, किती इयत्ता एका खोलीत, मुलं डब्यात काय आणायची, परीक्षेला कोण गैरहजर राहायचं आणि का. एका बैठकीत एकच खोली नाहीतर एकच मूल. हात थरथरत असेल तर मोबाईलवर मराठीत बोलून टाईप होतं, नातवाला एकदा दाखवायला सांगा, चुका नंतर बघू.

वाचणार कोण, तर ज्यांच्याबद्दल लिहाल ते. 36 वर्षांतले विद्यार्थी आज मुंबईत, गोव्यात, कुठे कुठे असतील आणि त्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही असतील. पहिली दोन पानं झाली की त्या वाडीच्या एखाद्या विद्यार्थ्याला पाठवा आणि त्याला विचारा, मी काय विसरलोय ते सांग.