वाचकांचे प्रश्न : कॅथलिकांच्या उपवासाला काय चालतं, काय नाही

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की या विषयावर भरपूर पत्रं येतात, आणि यंदा तर निम्मी पत्रं कॅथलिक नसलेल्या वाचकांची आहेत, त्याचा फार आनंद झाला. त्यातली काही इथे घेतोय.

प्रश्न : मी नालासोपाऱ्यात घरगुती डबे देते. माझ्या कॅथलिक गिऱ्हाइकांनी राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपवासाचा डबा मागितलाय. साबुदाणा खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी दिली तर चालेल का? कांदा-लसूण टाळू का?

ताई, चालेल, पण एवढा खटाटोप करू नका. आमच्या उपवासात धान्य बंद नसतं. भात, चपाती, डाळ, कांदा, लसूण, साधं मीठ सगळं चालतं, अंडं चालतं, दूध-दही-तूपही चालतं. बघायचं ते एवढंच की डब्यात मटण, चिकन, कुठलंच मांस नको, मटणाचं सूप किंवा रस्सासुद्धा नको, आणि त्या दिवशी पोटभर जेवण एकदाच. १९६६ मध्ये पोप पॉल सहावे यांनी उपवासाचे नियम नव्याने घालून दिले, त्यात एक पूर्ण जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडंसं काहीतरी, असं आहे. थोडंसं म्हणजे किती हे त्यांनी तिथल्या तिथल्या रीतीवर सोडलं, पण साधारण सांगतात ते असं की त्या दोन वेळचं मिळून मुख्य जेवणाएवढं होता कामा नये.

आमच्या वसईकडे बऱ्याच घरी त्या दिवशी सकाळी चहा आणि एखादा टोस्ट, दुपारी वरण-भात, वांगं-बटाट्याची भाजी, सोबत जवळ्याची चटणी, आणि रात्री वाटीभर पेज, नाहीतर दोन सुकेळी (वाळवलेली केळी) आणि कोरा चहा, की झालं. तेव्हा तुम्ही दुपारचा एकच साधा डबा द्या. खिचडीचा भरलेला डबा दुपारी आणि तसाच परत रात्री दिलात, तर पदार्थ उपवासाचे असले तरी आमचा उपवास काही राहत नाही. आणि हो, असा उपवास सक्तीचा वर्षातून या दोनच दिवशी असतो, बाकीच्या शुक्रवारी फक्त मांस सोडायचं असतं, जेवण कितीही वेळा घ्या.

प्रश्न : चहा, ज्यूस, लस्सी याने उपवास मोडतो का? आणि बिअर?

पिण्याने उपवास मोडत नाही ही चर्चमधली फार जुनी समजूत आहे, त्यामुळे पाणी, चहा, कॉफी, लिंबू सरबत, ज्यूस खुशाल घ्या, चहात दूध घातलं तरी हरकत नाही. पण आइस्क्रीम घालून केलेला मोठा ग्लासभर मिल्कशेक पिऊन मी काही खाल्लंच नाही म्हणायचं, हे मला पटत नाही, ते जेवणच झालं. दारूला नियमात कुठे थेट मनाई लिहिलेली नाही हे खरं, तरी माझं स्पष्ट मत की येशूच्या मरणाची आठवण करायच्या दिवशी बाटली उघडू नये. बरेच जण राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत दारू सोडतात, आणि घरच्यांना त्याचा केवढा आधार वाटतो ते मी जवळून बघितलंय.

प्रश्न : माझा वसईचा सहकारी शुक्रवारी डब्यात सुके बोंबील आणतो आणि उपवासकाळ पाळतो म्हणतो. शेजारचं मल्याळी कॅथलिक कुटुंब मात्र पन्नास दिवस मासे-अंडी काहीच खात नाही. खरं कोण पाळतं?

दोघंही. वसईकर लॅटिन विधीचे, म्हणजे रोमच्या परंपरेतले, त्यांच्या नियमात मांस म्हणजे जमिनीवरच्या प्राण्या-पक्ष्यांचं, मासे, कोळंबी, खेकडे त्यात धरलेले नाहीत. तुमचे शेजारी बहुतेक सिरो-मलबार असणार, कॅथलिकच, पोप तेच, पण परंपरा पूर्वेकडची. कल्याणला १९८८ पासून त्यांचा वेगळा धर्मप्रांत आहे. त्यांचा मोठा उपवासकाळ बुधवारी नाही, दोन दिवस आधी सोमवारी सुरू होतो, आणि त्यातली कित्येक कुटुंबं सगळे दिवस मांस, मासे, अंडी लांब ठेवतात.

मात्र मासे चालतात म्हणून शुक्रवारी मुद्दाम महागडं पापलेट आणायचं, सुरमई फ्राय, कोळंबीची बिर्याणी असा थाट करायचा, यात नियम मोडत नाही तरी हाती काय लागतं? यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५८व्या अध्यायात उपवास कशाला करायचा ते सांगितलंय, भुकेल्याला आपल्यातली भाकरी द्यायला. मटणाचे वाचलेले पैसे पापलेटात गेले तर भुकेल्याला देणार काय? म्हणून मला सुक्या बोंबलाचा डबाच बरा वाटतो, आणि वाचलेले पैसे चर्चमधल्या पेटीत. कॅरिटास इंडिया ही कॅथलिक चर्चची सेवासंस्था दरवर्षी याच काळात भूक आणि आजार यांच्याविरुद्ध मोहीम चालवते.

प्रश्न : माझी आजी ८४ वर्षांची, शुगरच्या गोळ्या चालू आहेत. गुड फ्रायडेला ती दिवसभर पाणीसुद्धा घेत नाही आणि भर उन्हात क्रूसाच्या वाटेला (येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासाच्या प्रार्थनेला) उभी राहते. काय सांगू तिला?

तिला सांगा की चर्च तिच्याकडून हे मागतच नाही. उपवास १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंतच बंधनकारक आहे, त्यापुढे नाही, आणि आजारी माणसाला, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला तर कुठल्याच वयात नाही. मांस सोडायचा नियम १४ पूर्ण झाल्यापासून पुढे आयुष्यभर, तेवढा ती पाळते आहेच.

पाणी न घेण्याचं कारण मला वेगळंच वाटतं. आजी लहान होती तेव्हा कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालायचा नाही, ते अंगात मुरलंय. १९५३ मध्ये पोप पायस बारावे यांनी पाण्याला मोकळीक दिली, १९५७ मध्ये तीन तासांचा नियम आला आणि १९६४ मध्ये तो एक तासावर आणला. आज कम्युनियनच्या आधी एक तास खायचं-प्यायचं नाही, पाणी आणि औषध तेव्हाही चालतं, आणि म्हाताऱ्या माणसांना, आजाऱ्यांना, त्यांची सेवा करणाऱ्यांना त्या एका तासाचीही सक्ती नाही. तुमचं ऐकत नसेल तर तुमच्या चर्चच्या फादरांना घरी बोलवा, त्यांच्या तोंडून ऐकलं की आजी मानेल, आणि गोळ्या कधी, खाणं कधी ते डॉक्टरांना विचारून ठरवा, गोळी घेऊन उपाशी राहणं जिवावर बेतू शकतं. क्रूसाच्या वाटेला पाण्याची बाटली घेऊन तुम्ही तिच्या बाजूलाच थांबा.

प्रश्न : शुक्रवारी मोठा सण आला तर मटण चालतं का?

हो, सर्वात वरच्या दर्जाचा सण असेल तर चालतं. २०२६ चा नाताळ शुक्रवारी आहे, बिनधास्त करा. २०२७ मध्ये संत जोसेफचा सण, १९ मार्च, तोही शुक्रवार आहे, उपवासकाळात असला तरी त्या दिवशी मांसाला बंदी नाही. गावच्या जत्रेला किंवा घरच्या लग्नाला मात्र ही सूट आपोआप मिळत नाही, त्यासाठी आधी फादरांना विचारायचं, त्यांना ती द्यायचा अधिकार असतो. आणि २०२७ च्या त्या १९ तारखेनंतरचा पुढचाच शुक्रवार, २६ मार्च, गुड फ्रायडे आहे, तेव्हा मटण बंद आणि पोटभर जेवण एकदाच.